न उडालेली महाकाय रॉकेटं: हवेत सोपी, जमिनीवर अवघड

नासाचं चांद्ररॉकेट सॅटर्न फाइव्ह ११०.६ मीटर उंच होतं. उड्डाणाच्या क्षणी त्याचं वजन साधारण २,९५० टन भरायचं. १९६७ ते १९७३ या काळात ते १३ वेळा उडालं आणि चंद्रावर गेलेली सगळी माणसं त्याच्यावर बसूनच गेली. पण ते कागदावर आकार घेत होतं त्याच वर्षांत, त्याला लहान भाऊ म्हणावं अशी रॉकेटंही कागदावर होती. सी ड्रॅगन १५० मीटर उंच, २३ मीटर रुंद, १८,००० टन वजनाचं, आणि पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत ५५० टन माल नेणारं. नेक्ससचा माल ९०० टनांचा. ओरायन तर अणुबॉम्बच्या धक्क्यांवर चालणार होतं.

यातलं एकही बांधलं गेलं नाही. ‘त्या काळी तंत्रज्ञान नव्हतं’ किंवा ‘कल्पनाच वेड्या होत्या’ अशी उत्तरं यावर सहज दिली जातात. बहुतेक रॉकेटांबाबत ती चुकीची आहेत. एकदा हवेत गेलं की मोठं रॉकेट लहान रॉकेटापेक्षा अवघड नसतं, काही बाबतींत सोपंच असतं. खरी अडचण त्याआधीची, जमिनीवरची. ते बांधायचं कुठे, न्यायचं कसं, तपासायचं कशावर, पेटवायचं कुठे. आणि हे सगळं सुटलं तरी शेवटचा प्रश्न उरतोच: त्यात भरायचं काय?

रॉकेट उंच होत नाही, जाड होतं

लहानापासून मोठ्याकडे जाताना फायदे असतात. मार्गदर्शन यंत्रणा, संगणक, रेडिओ यांचं वजन रॉकेटाच्या आकाराबरोबर वाढत नाही, त्यामुळे मोठ्या रॉकेटात त्यांचा वाटा नगण्य होतो. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो. टाकी मोठी झाली की आतल्या द्रवाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून तो उकळून कमी उडतो. हवेच्या विरोधाचंही तसंच. विरोध आडव्या छेदावर अवलंबून असतो आणि वजन घनफळावर. रॉकेट उंच होत जाईल तसा प्रत्येक टनामागचा विरोध घटतो.

पण उंचीला मर्यादा आहे आणि ती एका साध्या हिशेबातून येते. रॉकेटाच्या तळाचा एक चौरस मीटर तुकडा घ्या. त्याच्या बरोबर वर टाक्यांचा आणि इंधनाचा एक स्तंभ उभा आहे. त्या तुकड्यातून मिळणारा रेटा या स्तंभाच्या वजनापेक्षा जास्त हवा, नाहीतर रॉकेट जागचं हलणार नाही. सॅटर्न फाइव्हच्या टाकीचा व्यास १०.१ मीटर, म्हणजे तळ ८० चौरस मीटरचा. वजनाचा स्तंभ चौरस मीटरला ३७ टनांचा आणि रेटा सुमारे ४३ टनांचा. जमाखर्च जेमतेम. स्तंभ आणखी उंच करायचा तर तेवढ्याच जागेतून जास्त रेटा काढावा लागतो, आणि तो मिळतो इंजिनाच्या ज्वलनकक्षातला दाब वाढवून.

सॅटर्नच्या एफ-१ इंजिनात हा दाब ७० अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास होता. स्पेसएक्स कंपनीच्या आजच्या स्टारशिप रॉकेटाची रॅप्टर इंजिनं ३०० च्या घरात चालतात. म्हणूनच ते ९ मीटर व्यासात ५,००० टन उभे करू शकतं, चौरस मीटरला जवळपास ८० टन. साठच्या दशकात हा मार्ग अमेरिकी अभियंत्यांना मोकळा नव्हता. दुप्पट माल हवा तर तळ दुप्पट, म्हणजे रॉकेट जाड.  त्या काळातल्या चित्रांमधली महाकाय रॉकेटं सुईसारखी न दिसता बसक्या घुमटासारखी दिसतात, त्यात चित्रकाराची हौस नाही, हा हिशेब आहे.

एक बारकावा राहिला. उंची थांबली आणि फक्त जाडी वाढू लागली की हवेच्या विरोधातला फायदाही थांबतो, कारण छेद आणि वजन आता एकाच प्रमाणात वाढतात. म्हणजे शंभर-दीडशे मीटरच्या पुढे हवेकडून मिळणारी सवलत संपते. तोटा मात्र होत नाही.

एकच राक्षसी इंजिन, की लहान इंजिनांची फौज?

तळ रुंद झाला. त्याखाली लावायचं काय? मोजकीच मोठी इंजिनं लावली तर नळ्या, झडपा, जोडण्या कमी. पण मोठ्या इंजिनाचा एक जुना रोग आहे: ज्वलनातली अस्थिरता.

ज्वलनकक्षात इंधन आणि ऑक्सिजन फवारले जातात, थेंबांची वाफ होते आणि ती जळते. एखाद्या जागी क्षणभर जास्त जळालं की तिथला दाब वाढतो आणि दाबाची लाट भिंतीवर आपटून परत येते. परतताना तिने पुन्हा जास्त जळणाऱ्या थेंबांना गाठलं, तर लाटेला नवं बळ मिळतं. झोपाळ्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी धक्का बसावा तसं. एफ-१ च्या सुमारे एक मीटर रुंद कक्षात ही लाट सेकंदाला शेकडो फेऱ्या मारायची. भिंतीवरचा गार इंधनाचा संरक्षक थर तिने खरवडला की धातू वितळायला सेकंदही लागत नाही. जून १९६२ मध्ये चाचणी चालू असताना एक एफ-१ असंच फुटलं.

त्यावरचा उपाय सूत्रातून सापडला नाही, घासून घासून सापडला. फवारणीच्या तबकडीवर तांब्याच्या आडव्या-उभ्या भिंती उभारून तिचे कप्पे पाडले, म्हणजे लाटेला आडवं पळायला मोकळं मैदान राहणार नाही. मग इंजिन चालू असताना कक्षात मुद्दाम छोटा स्फोट करायचा आणि पाहायचं, गोंधळ आपोआप शमतो का. शमला नाही तर भोकांचा कोन बदला, भिंतीची उंची बदला, पुन्हा पेटवा. पूर्ण आकाराच्या सुमारे दोन हजार चाचण्यांनंतर इंजिन असं झालं की मुद्दाम घडवलेला गोंधळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मावळे.

हे ६९० टन रेट्याच्या इंजिनाचं झालं. कक्ष जितका मोठा, तितकी लाट संथ आणि तिला शमवणं तितकं कठीण. सोव्हिएत संघात व्लादिमिर चेलोमेई यांच्या यूआर-७०० या न बांधलेल्या चांद्ररॉकेटासाठी वालेंतिन ग्लुश्को यांनी आरडी-२७० बनवलं. ते एका कक्षाचं आणि ६४० टन रेट्याचं. ते चाचणीस्तंभावर अनेकदा पेटलं, पण अस्थिरतेतून पूर्ण बाहेर पडण्याआधीच प्रकल्प गुंडाळला गेला. अमेरिकेत हायड्रोजनवर चालणारं एम-१ हे ६८० टन रेट्याचं इंजिन नासाच्या नोव्हा या न बांधलेल्या रॉकेटासाठी आखलं होतं. त्याचे भाग तयार झाले, तपासलेही गेले. पण १९६५ मध्ये कामच थांबलं, कारण ते ज्याच्याखाली बसवायचं ते रॉकेटच उरलं नव्हतं.

दुसरा मार्ग लहान इंजिनांच्या फौजेचा. सोव्हिएत चांद्ररॉकेट एन-१ च्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे जमिनीवरून उचलणाऱ्या सर्वात खालच्या भागात, ३० इंजिनं होती. ते रॉकेट प्रत्यक्ष बांधलं गेलं, १९६९ ते १९७२ मध्ये चार वेळा उडालं आणि चारही वेळा कोसळलं. याचा दोष नेहमी ३० या आकड्याला दिला जातो. मला तो तितकासा पटत नाही. स्टारशिपच्या पहिल्या टप्प्यात ३३ इंजिनं आहेत आणि ती सगळी एकत्र चाललेली आहेत. एन-१ चं खरं दुखणं वेगळं होतं. त्याच्या इंजिनांतल्या काही झडपा एकदाच उघडणाऱ्या होत्या, त्यामुळे जे इंजिन रॉकेटात बसायचं ते आधी कधीच पेटलेलं नसायचं. गटातून नमुना म्हणून काही पेटवून बघायची आणि उरलेल्यांवर भरवसा ठेवायचा. आणि पहिला टप्पा सगळ्या इंजिनांसह जमिनीला बांधून पेटवायला चाचणीस्तंभच नव्हता. पहिली पूर्ण चाचणी म्हणजे पहिलं उड्डाण.

कारखान्याचं दार आणि लाँचपॅड

रस्ते, पूल, बोगदे, दारं. रॉकेटाचा व्यास बहुधा यांतलं काहीतरी ठरवतं. सोव्हिएत रेल्वेवरून जास्तीत जास्त ४.१ मीटर व्यासाची टाकी जाऊ शकत होती. यूआर-७०० म्हणूनच ४.१ मीटरच्या अनेक नळकांड्यांची मोळी होती. एन-१ तर सुट्या भागांत नेऊन बायकोनूरच्या उड्डाणतळावरच जोडावं लागलं. अमेरिकेने पाण्याचा रस्ता धरला. सॅटर्न फाइव्हचा पहिला टप्पा न्यू ऑर्लिन्सजवळ मिशू इथे जोडायचा, तराफ्यावरून मिसिसिपीच्या चाचणीकेंद्रात न्यायचा, तिथे पेटवून बघायचा आणि पुन्हा पाण्यानेच फ्लोरिडाला.

त्याहून मोठ्या नोव्हाची मूळ कल्पना चंद्रावर थेट उतरण्याची होती. अख्खं यान, परतीच्या इंधनासकट आणि उष्णतारोधक ढालीसकट, चंद्राच्या जमिनीवर टेकवायचं आणि तिथून पुन्हा उडवायचं. त्यासाठीच्या एका आराखड्यात पहिल्या टप्प्याला एफ-१ इंजिनं आठ होती, सॅटर्न फाइव्हला पाच. पण जुलै १९६२ मध्ये नासाने दुसरी पद्धत जाहीर केली. परतीचं यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं आणि सुमारे १५ टनांचं छोटं यान तेवढं खाली उतरवायचं. जे खाली लागणार नाही ते खाली नेऊच नका, एवढाच मुद्दा. त्या एका निर्णयाने आठ इंजिनांची गरज पाचवर आली आणि नोव्हा निकामी झालं. उडण्याच्या क्षमतेत त्याच्या काहीच कमी नव्हतं. प्रश्नच लहान झाला.

मग लाँचपॅड. प्रचंड रॉकेट पेटतं तेव्हा ज्वाळेइतकंच त्रासदायक असतं ध्वनीचं आघातबळ. आवाज काँक्रीटवरून परावर्तित होऊन रॉकेटाच्याच अंगावर येतो आणि वर ठेवलेला नाजूक माल हादरवतो. म्हणून ज्वाळेला वळण देणारे खोल चर खणतात आणि हजारो लिटर पाणी सोडतात. पाणी थंडाव्यासाठी असतं असं वाटतं, पण ते आवाज खाण्यासाठीही तितकंच असतं. हे नीट केलं नाही तर काय होतं ते एप्रिल २०२३ मध्ये दिसलं. पूर्ण जोडलेल्या स्टारशिपच्या पहिल्या उड्डाणात चर नव्हता, खालचं काँक्रीट फुटलं, त्याखालची जमीन उकरली गेली आणि ढेकळं दूरवर उडाली.

शिवाय स्फोटाचं अंतर आहेच. ३ जुलै १९६९ ला एन-१ उडाल्यावर काही सेकंदांत परत लाँचपॅडवर पडलं आणि ते लाँचपॅड उद्ध्वस्त झालं. सहापट वजनाचं रॉकेट असं पडलं तर? माणसं, इमारती, शेजारचं लाँचपॅड, सगळं आणखी लांब न्यावं लागतं. लांब नेलं की नळ्या, केबल, रस्ते लांबतात. यूआर-७०० मध्ये तर जहाल विषारी इंधन आणि ऑक्सिडायझर होतं. तेही हजारो टन.

सी ड्रॅगन: लाँचपॅडच नको

आता सी ड्रॅगनकडे सावकाश बघू, कारण वरच्या बहुतेक अडचणींना त्याने एकाच फटक्यात उत्तर द्यायचा प्रयत्न केला. अमेरिकी नौदलातून आलेले रॉकेट अभियंते रॉबर्ट ट्रुअ‍ॅक्स यांनी १९६२ मध्ये एरोजेट कंपनीत हा आराखडा मांडला. त्यांचं म्हणणं असं: रॉकेट महाग पडतं ते आकारामुळे नाही, गुंतागुंतीमुळे. नाजूक आणि हलकं करण्यावर खर्च करण्यापेक्षा ओबडधोबड, जड आणि खूप मोठं करा.

पहिली काटछाट टर्बोपंपाची, म्हणजे इंधन ज्वलनकक्षात ढकलणाऱ्या पंपाची. एफ-१ चा पंप सुमारे ५५,००० अश्वशक्तीचा होता आणि पाच इंजिनं मिळून सेकंदाला १३ टन इंधन-ऑक्सिजन गिळायची. पंप हा इंजिनाचा सर्वात महाग आणि सर्वात चिडखोर भाग. ट्रुअ‍ॅक्स यांनी तो काढूनच टाकला. त्याऐवजी टाकीतच वायूचा दाब भरायचा, इतका की द्रव आपोआप ज्वलनकक्षात ढकलला जावा. कक्षात दाब सुमारे २० अ‍ॅटमॉस्फिअर, टाकीच्या बुडाशी त्याहून जास्त. थोडी मदत रॉकेटाच्या उंचीचीच होते. ३० मीटर उंचीचा द्रव ऑक्सिजन दुप्पट गुरुत्वाइतक्या ओढीत बुडाशी आणखी साडेसहा अ‍ॅटमॉस्फिअर दाब देतो. टाकी रिकामी होत जाईल तसा हा दाब उतरतो आणि रेटाही उतरतो. पण तोवर रॉकेटही हलकं झालेलं असतं, त्यामुळे ते चालतं.

याची किंमत टाकीच्या भिंतीत मोजावी लागते. दाब गुणिले त्रिज्या भागिले पोलादाला सोसेल तो ताण, म्हणजे भिंतीची जाडी. चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब, ११.५ मीटर त्रिज्या आणि चौरस सेंटिमीटरला १०,००० किलो ताण सोसणारं उत्तम पोलाद धरलं, तर जाडी येते सुमारे ३ सेंटिमीटर. सॅटर्नच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भिंती काही मिलिमीटरच्याच होत्या. विमानाच्या कारखान्यात ३ सेंटिमीटरचं पोलाद कोणी हाताळत नाही. जहाजाच्या गोदीत मात्र ते रोजचं काम. म्हणूनच हे रॉकेट गोदीत, आडवं ठेवून, वेल्डरच्या हातून बांधायचं होतं. जहाजबांधणीतल्या एका कंपनीने आराखडा तपासला आणि काम जमण्याजोगं असल्याचं सांगितलं.

उड्डाणाची पद्धत अशी होती. तयार रॉकेट पाण्यात सोडायचं, किनाऱ्यावरच केरोसीन भरायचं आणि जहाजाने ओढत खोल समुद्रात न्यायचं. द्रव ऑक्सिजन आणि दुसऱ्या टप्प्याचा द्रव हायड्रोजन तिथे पोहोचल्यावर भरायचा, कारण ते वाटेत उकळून उडतात. समुद्राच्या पाण्याचं विघटन करून दोन्ही तिथेच बनवायचे आणि वीज अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकेकडून घ्यायची, असाही विचार होता. मग नोझलला, म्हणजे ज्वाळा बाहेर पडते त्या तोंडाला, बांधलेल्या भाराच्या टाकीत पाणी सोडायचं. शेपूट जड होऊन बुडतं, रॉकेट हळूहळू उभं राहतं आणि तरंगत्या खांबासारखं टोक पाण्याबाहेर काढून स्थिर होतं. पेटवायचं पाण्याखालीच. चर खणायला नको, मनोरा नको, क्रेन नको, आणि आवाज खायला पाणी आयतंच.

पाण्याखाली इंजिन पेटतं का, हे कागदावर सोडलं नव्हतं. सी बी या प्रयोगात एक छोटं एरोबी रॉकेट पाण्यातून उडवलं गेलं. ते परत मिळवून पुन्हा तयार करायचा खर्च नव्या रॉकेटाच्या सुमारे ७ टक्केच आला. पुढे सी हॉर्स प्रयोगात कॉर्पोरल क्षेपणास्त्र वापरून हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहिली.

आता आकडे. पहिल्या टप्प्यात एकच इंजिन, रेटा ३६,००० टन, म्हणजे सॅटर्न फाइव्हच्या सगळ्या पहिल्या टप्प्याच्या दहापट. सेकंदाला दीडशे टन जळण. ८१ सेकंदांत टप्पा रिकामा, तेव्हा उंची सुमारे ४० किलोमीटर. पुढे हायड्रोजनवरचं दुसरं एकच इंजिन २६० सेकंद जळून ५५० टन कक्षेत सोडणार. ५५० भागिले १८,००० म्हणजे ३ टक्के. सॅटर्न फाइव्ह ४ टक्क्यांच्या वर जायचं. जड पोलाद आणि कमी दाब यांचा हा दंड, आणि ट्रुअ‍ॅक्स तो जाणूनबुजून भरत होते. केरोसीन आणि ऑक्सिजन स्वस्त आहेत. जास्त जाळा, पण पंप बनवू नका.

मला या आराखड्यात समुद्राची भीती वाटत नाही. भीती वाटते ती त्या एका कक्षाची. २० अ‍ॅटमॉस्फिअरवर ३६,००० टन रेटा काढायचा तर नोझलच्या घशाचाच व्यास १२ मीटरच्या आसपास येतो. एफ-१ चा घसा एक मीटरपेक्षा कमी होता. त्या मीटरभर कक्षातली लाट शमवायला दोन हजार चाचण्या लागल्या. इथे कक्ष बारापट रुंद आणि लाट तितकीच संथ. कमी दाबामुळे लाटेत बळ कमी असेल, हे खरं. पण सेकंदाला दीडशे टन जळण्याच्या दोन हजार चाचण्या कुठे आणि कशा घ्यायच्या? त्यासाठी लागणारं जळण मोजलं तरी प्रकल्पाचा स्वस्तपणा डळमळू लागतो. हे इंजिन शेवटपर्यंत कागदावरच राहिलं.

घुमट आणि बॉम्ब

फिलिप बोनो यांनी डग्लस कंपनीत रोम्बस आखलं. जवळपास एकाच टप्प्याचं (हायड्रोजनच्या बाहेरच्या टाक्या तेवढ्या वाटेत टाकायच्या), बसकं, खालच्या कडेने ३६ छोटे ज्वलनकक्ष आणि मध्ये बोथट तळ. कडेने निघणारा वायू त्या तळावरून सरकतो आणि बाहेरची हवा विरळ होत जाते तसा आपोआप पसरतो. नेहमीच्या नोझलचा आकार एकाच उंचीला बरोबर बसतो, याचा सगळीकडे. परतताना तोच तळ ढाल होतो. क्राफ्ट एरिक यांचं नेक्ससही याच घराण्यातलं. अडचण एका टप्प्याची आहे: एकाच टप्प्याने कक्षा गाठायची तर रिकाम्या रॉकेटाचं वजन इतकं कमी ठेवावं लागतं की अंदाज थोडा चुकला तरी माल झपाट्याने घटतो. नेहमीच्या दोन टप्प्यांत अशी चूक पचते.

ओरायनचं गणित निराळंच. १९५८ मध्ये जनरल अ‍ॅटॉमिक कंपनीत अणुबॉम्ब आखणारे टेड टेलर यांच्या पुढाकाराने काम सुरू झालं, भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन त्यात आले. यानाच्या मागे एकामागून एक छोटे अणुबॉम्ब फोडायचे, जाड पोलादी तबकडीने धक्का झेलायचा आणि प्रचंड शॉक अ‍ॅब्सॉर्बरनी तो माणसाला सोसेल इतका सौम्य करायचा. तबकडी वितळत का नाही? कारण तापलेला वायू तिला क्षणभरच शिवतो, आणि तेलाचा पातळ थर दिला तर तोच जळून जातो. १९५९ च्या नोव्हेंबरात एक मीटर व्यासाचा नमुना साध्या स्फोटकांवर सुमारे ५६ मीटर वर गेला आणि स्थिर राहिला. हजारो टन वजनाची यानं आखली होती, आणि इथे मोठं असणं ही गरजच होती, कारण लहान यानाला तो धक्का सोसत नाही. पण जमिनीवरून उडवायचं तर वातावरणात शेकडो स्फोट आणि किरणोत्सारी राख. ऑगस्ट १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराने वातावरणात, अंतराळात आणि पाण्याखाली अणुस्फोट निषिद्ध केले, आणि १९६५ मध्ये काम थांबलं.

भरायचं काय?

ओरायन करारामुळे गेलं. बाकीची गेली ती मालाअभावी. मोठ्या रॉकेटाचा स्वस्तपणा किलोमागे मोजतात, पण तो खरा ठरतो गोदी, जहाजं, चाचणीकेंद्र आणि माणसं वर्षभर कामात राहिली तरच. ५५० टनांचं रॉकेट वर्षातून एकदा उडालं, तर त्या एका उड्डाणावर सगळ्या व्यवस्थेचा खर्च बसतो. आणि वर्षातून दहादा उडवायचं तर ५,५०० टन माल हवा. आजचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४२० टनांचं आहे आणि ते जोडायला दहा वर्षांहून जास्त लागली. सी ड्रॅगनला ते एका खेपेचंही पूर्ण काम नाही.

साठच्या दशकात असा माल म्हणजे मंगळावरची माणसं आणि चंद्रावरचे तळ. नोव्हा हे नाव १९६२ नंतर ४५० टनांच्या मंगळ-रॉकेटासाठी याच आशेने फिरत राहिलं. नासाचा निधी १९६६ नंतर उतरू लागला आणि पुढे मंगळाच्या बेतांना मान्यता मिळालीच नाही. माल रद्द झाला तशी रॉकेटंही गेली. सॅटर्न फाइव्हसुद्धा यातून सुटलं नाही. उडण्याजोगी १५ बनली, १३ उडाली, उरलेली प्रदर्शनात आडवी पडली.

या सगळ्यांत प्रत्यक्षाच्या सर्वात जवळ आला तो एक घन इंधनाचा बूस्टर: २६० इंची, म्हणजे ६.६ मीटर व्यासाचा. वरच्या प्रत्येक अडचणीची छोटी आवृत्ती त्याच्या वाट्याला आली. इतकं मोठं नळकांडं रस्त्याने जाईना, म्हणून पोलादी कवच गोदीत बनवून पाण्याने फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत आणायचं ठरलं, आणि त्यासाठी कालवा खणला. इंधनाने भरलेलं कवच हलवणं अशक्य, म्हणून इंधन तिथेच ओतायचं. चाचणीस्तंभ उभारण्याऐवजी जमिनीत खोल विहीर खणली आणि बूस्टर तिच्यात उलटा ठेवला, नोझल वर, ज्वाळा आकाशात. याच आकाराचं दुसऱ्या ठेकेदाराचं कवच तर पाण्याचा दाब देऊन तपासताना, ठरलेल्या दाबापर्यंत पोहोचण्याआधीच, वेल्डिंगमधल्या दोषापाशी फुटलं. जाड पोलादाचं वेल्डिंग गोदीत रोजचं असलं तरी रॉकेटाइतका ताण जहाजाला कधी येत नाही.

एव्हरग्लेड्समधल्या तिन्ही चाचण्या झाल्या: सप्टेंबर १९६५, फेब्रुवारी १९६६, जून १९६७. तिसऱ्या वेळी नोझल सुटून उडालं, आणि धुरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल आसपासच्या पिकांवर आणि गाड्यांच्या रंगावर उतरलं. तोवर या बूस्टरला वापरणारं रॉकेट उरलं नव्हतं. पुढे स्पेस शटलसाठी नासाने तुकड्यांनी जोडायचा, रेल्वेने नेता येणारा बूस्टर निवडला. कारखाना ओस पडला. तिसऱ्या चाचणीतलं ते रिकामं कवच विहिरीतून वर काढायचे कष्टही कोणी घेतले नाहीत.